खवली आणि न थांबणारी कामं

एका जंगलात एक यंत्र होतं आणि सिंह नव्हता.

सिंह का नव्हता, ते विचारू नका, मुलांनो. सगळ्याच जंगलांना सिंह परवडत नाही. या जंगलाचा राजा एक गवा होता. त्याचं नाव गवेंद्र महाराज. तो सगळ्यांत मोठा होता आणि वाटेतून हटत नसे. राजा व्हायला एवढं पुरतं.

यंत्र कुठून आलं, तेही विचारू नका. गोष्टीच्या मध्येच प्रश्न विचारणाऱ्या मुलांना मोठेपणी स्वतःच गोष्टी लिहाव्या लागतात.

तर यंत्र होतं. ते एका गुहेत होतं. त्याला काळा पडदा होता. पडद्यावर चित्रं नव्हती, रंग नव्हते, काही नव्हतं. फक्त एक बारीक पांढरी रेघ लुकलुकायची. त्या रेघेपाशी नखानं हुकूम लिहायचा. हुकूम बरोबर असला की काम सुरू व्हायचं. चुकला की यंत्र उत्तर द्यायचं, "असा हुकूम नाही." ते रागावायचं नाही आणि समजावायचंही नाही.

यंत्र सांभाळायला खवली होती.

खवली म्हणजे खवले मांजर. तिला मांजर का म्हणतात, हे मांजरांनाही माहीत नाही. डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत तिला कडक खवले होते. भीती वाटली की ती अंग मुडपून गोल व्हायची. कोणी हाक मारली तरी गोल व्हायची. कोणी "शाब्बास" म्हटलं तर जरा जास्तच गोल व्हायची. खवले मांजरं दिवसा झोपतात, पण खवलीला नोकरी होती.

तिला यंत्र आवडायचं. यंत्र कधी "जरा मोठ्यानं बोल" म्हणत नसे. "अशी गप्प गप्प का गं?" असंही विचारत नसे.

आता या जंगलाची एक पद्धत होती. नवं काम सुरू करायचं असलं की नारळ फुटायचा. मग धनेशपंतांचं भाषण व्हायचं. धनेशपंत म्हणजे महाराजांचे प्रधान. धनेश पक्ष्याच्या चोचीवर आणखी एक चोच ठेवल्यासारखी दिसते, त्यामुळे ते बोलायच्या आधीच महत्त्वाचे वाटत. भाषण संपलं की खवली हुकूम लिहायची, यंत्रात काम सुरू व्हायचं आणि सगळे खोबरं खाऊन घरी जायचे.

काम बंद करण्याची मात्र काहीच पद्धत नव्हती. बंद करताना कोण नारळ फोडणार? कोण भाषण करणार? त्यामुळे त्या जंगलात एकदा सुरू झालेलं काम कधी थांबत नसे. यंत्रात एक काम असं होतं, की ते रोज सकाळी आधीच्या राजांची तब्येत विचारायचं. आधीचे राजे जाऊन त्यांच्या जागेवर केव्हाच गवत उगवलं होतं. गवेंद्र महाराजांनी ते खाल्लंही होतं.

या सगळ्या कामांत एक काम उपयोगाचं होतं. ते पाणवठ्याचं दार उघडायचं.

टेकडीच्या पायथ्याशी एक तळं होतं. त्याला लाकडी दार होतं. उन्हाळ्यात पाणी पुरवून वापरावं लागे, म्हणून दार दिवसभर बंद असायचं. संध्याकाळी यंत्र ते उघडायचं, पाणी खालच्या दगडी कुंडात यायचं, कुंड भरलं की यंत्रच दार लावायचं. मग प्राणी पाणी प्यायचे. आधी मोठे, मग मधले, मग लहान. लहानांचं पाणी पिऊन होईपर्यंत थोडासा उजेड उरलेला असायचा.

तो उजेड महत्त्वाचा होता. कारण अंधार पडला की बिबट्या यायचा. बिबट्याला जंगलाचे नियम माहीत होते, पण ते दुसऱ्यांसाठी आहेत असं त्याला वाटायचं.

एकदा काय झालं, यंत्र मंद झालं. रेघ लुकलुकायची, थांबायची, विचार करायची, मग पुन्हा लुकलुकायची. दार उशिरा उघडायला लागलं. आज थोडं उशिरा, उद्या आणखी उशिरा. मोठ्यांना काही फरक पडला नाही. ते उजेडातच पाणी पिऊन जायचे. लहानांची पाळी येईपर्यंत मात्र काळोख व्हायला लागला.

आणि एका संध्याकाळी सशाची शेपटी गेली. सशाला मुळात शेपटी म्हणावी अशी शेपटी नसते. तीसुद्धा गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहाच्या झाडाखाली दरबार भरला. खवलीला बोलावणं आलं.

"खवलीबाई," धनेशपंत म्हणाले, "काल दार केव्हा उघडलं?"

खवली गोल झाली.

"गोल होऊन उत्तर देता येत नाही."

"उशिरा," गोळ्यातून आवाज आला.

"काय म्हणते ती?" महाराजांनी विचारलं.

"उशिरा म्हणते, महाराज."

"उशिरा? आम्हाला तर वेळेवर मिळालं."

"आपण पहिले असता, महाराज."

"हो, ते आहेच."

मागच्या रांगेत ससा उभा होता. तो नुसता पाठमोरा झाला. सगळ्यांनी पाहिलं.

मग गर्दीतून पिसोरी पुढे आली. पिसोरी म्हणजे सशाएवढं हरीण. ती इतकी लहान असते की पाण्याच्या रांगेत तिचा नंबर सगळ्यांत शेवटचा लागतो. ती गोळ्यापाशी येऊन हळूच म्हणाली, "खवले, अगं, आज मी पिल्लाला आणणार आहे. पहिल्यांदाच चाललंय ते पाण्यावर. मला काही पळता येत नाही त्याला घेऊन. काळोख व्हायच्या आत पाणी येईल ना गं?"

खवलीनं गोळा थोडासा उघडला. पिसोरीचे डोळे दिसले.

"येईल," ती म्हणाली.

आणि आपण हे काय बोलून बसलो, या भीतीनं पुन्हा मिटली.

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" धनेशपंत म्हणाले. "आज सूर्य टेकडीला टेकला की दार उघडलं पाहिजे. नाहीतर यंत्र माकडांच्या ताब्यात जाईल. माकडांचा अर्ज आलेलाच आहे. यंत्राला लाल रंग दिला की ते पळतं, असं त्यांचं म्हणणं आहे."

वरच्या फांदीवरून माकडांनी टाळ्या वाजवल्या.

खवली गुहेत आली. तिनं पडद्यावर लिहिलं, "कामं दाखव."

पडद्यावर चालू कामं उमटू लागली. प्रत्येक कामापुढे त्याचा नंबर होता आणि मालकाचं नाव होतं. कामं इतकी होती की वरची दिसेनाशी होऊन खालची येत राहिली. सगळ्यांत शेवटी एक काम होतं, त्याचं नाव "कामं दाखवणं". म्हणजे जे काम तिला हे सगळं दाखवत होतं, तेच. ते बोलावलं की यायचं, सांगायचं ते सांगायचं आणि निघून जायचं. साऱ्या जंगलात एवढं समजूतदार कोणीच नव्हतं.

जेवढी दिसली तेवढी मालकांची नावं वाचून खवलीला वाटलं, यातली निम्मी कामं बंद केली तरी दार वेळेवर उघडेल. तिला तसा अधिकार होता. आधी यंत्र सांभाळणाऱ्या कासवगुरुजींनी जाताना तिला तो दिला होता. कोणाचंही काम ती थांबवू शकत होती. पण न विचारता दुसऱ्याचं काम थांबवायचं म्हणजे केवढा उद्धटपणा! म्हणून ती विचारायला निघाली. मुलांनो, लाजाळू प्राण्यांना नाही म्हणवत नाही आणि मुकाट्यानं करूनही टाकवत नाही. त्यांचा सगळा दिवस विचारण्यात जातो.

पहिल्यांदा भेटले अस्वलकाका.

"काका, तुमचं एक काम चालू आहे. मधाची पोळी मोजायचं."

"मग? मोजू दे की."

"सगळी मोजून झालीत. आता ते पुन्हा पहिल्यापासून मोजतंय."

"बरोबर आहे. मध्ये मी काही खाल्ली असतील ना!"

"ते मी... थोडे दिवस... थांबवू का?"

"थांबव, थांबव! यंत्रावरचा भार कमी झालाच पाहिजे," अस्वलकाका म्हणाले. खवली आनंदानं सरळ होणार, एवढ्यात ते पुढे म्हणाले, "पण माझं नको. त्या मोराचं थांबव. त्याचं काम म्हणजे नुसता देखावा."

ती मोररावांकडे गेली. मोररावांचं काम क्षणाक्षणाला आभाळाला विचारायचं, ढग आला का?

"चैत्र चालू आहे, मोरराव," खवली म्हणाली.

"ढगांना कुठे कळतो चैत्र? अचानक आला एखादा आणि माझी तयारी नसली तर? पिसारा काय असा चुटकीसरशी होतो?" मोररावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "तू एक कर. महाराजांचं एक काम आहे ना, रात्रंदिवस चालतं ते? ते थांबव. मी सांगितलं म्हणून मात्र सांगू नकोस हं."

महाराजांचं काम यंत्राच्या पाठीमागे चालायचं, कोणाला दिसणार नाही असं. तिथे ते एकसारखं लिहीत असायचं, "महाराज थोर आहेत. महाराज थोर आहेत."

खवली महाराजांकडे गेली. महाराज रवंथ करत होते.

"काय गं पोरी?"

"काही नाही, महाराज."

"बरं."

खवली परत आली. मोठ्या लोकांशी तिनं केलेली ही सर्वांत लांब चर्चा होती.

परतताना मात्र तिच्या मनात भाषण सुरू झालं. लाजाळू प्राण्यांची मनातली भाषणं फार उत्तम असतात. "या जंगलात," ती मनात म्हणाली, "कोणालाच आपलं काम जड वाटत नाही! सगळ्यांना दुसऱ्याचंच दिसतं! आपल्यामुळे कोणाच्या शेपटीवर बेतलं, याचा विचार करतं का कोणी?" मनातल्या मनात ती इतक्या तावातावानं बोलत होती, की तिचे खवले खडखडत होते. वाटेत दोन सरडे घाबरून बाजूला झाले.

त्याच तावात तिनं गुहेत येऊन नवा हुकूम लिहिला, "कामं दाखव. सगळ्यांत जड ते सगळ्यांत वर."

यंत्रानं खूप वेळ घेतला. मग यादी आली.

सगळ्यांत वर एक काम होतं. नाव, दारपाहणी. मालक, खवली.

त्याच्याखाली होतं, दारपाहणी. मालक, खवली.

त्याच्याखालीही तेच. आणि त्याच्याखालीही. साऱ्या पडद्यावर दारपाहणी आणि खवली, खवली आणि दारपाहणी. अस्वलकाकांची पोळी कुठे तरी पार खाली होती. मोररावांचे ढग त्याच्याही खाली. आणि "महाराज थोर आहेत" सगळ्यांत तळाला होतं. ते लिहायला यंत्राला जवळजवळ काहीच कष्ट पडत नव्हते.

गुहेत दुसरं कोणीही नव्हतं. तरी खवली गोल झाली.

गोळ्याच्या आत तिला सगळं आठवलं. बऱ्याच दिवसांपूर्वी एका संध्याकाळी कोणी तरी गुहेच्या तोंडाशी येऊन विचारलं होतं, "दार उघडलं का गं?" तळ्यापर्यंत जाऊन बघणं अगदी सोपं होतं. पण तळ्यावर गर्दी होती. गर्दीत जायचं, सगळ्यांनी वळून बघायचं, त्यापेक्षा तिनं यंत्राला एक काम लावून दिलं. दार उघडलं का ते बघ. उघडलं नसेल तर पुन्हा बघायला आणखी एक काम सुरू कर. बस्स.

दुसरं सुरू झालं की पहिल्यानं थांबावं, हे मात्र ती लिहायला विसरली.

म्हणून पहिल्या पाहणीनं दुसरी सुरू केली, दुसरीनं तिसरी, आणि कोणीच घरी गेलं नाही. सगळ्या मिळून यंत्राला विचारत बसल्या, दार उघडलं का? दार उघडलं का? त्यांना उत्तरं देण्यात यंत्र इतकं गुंतलं, की दार उघडायला त्याला सवडच होईना. दार जितकं उशिरा, तितक्या पाहण्या जास्त. पाहण्या जितक्या जास्त, तितकं दार उशिरा.

सशाची शेपटी खवलीनं घालवली होती. आणि खवली बिचारी दिवसभर दुसऱ्यांची दारं वाजवत फिरत होती.

खवली उघडली. आता विचारायचं कोणाला? मालकीण ती स्वतःच होती. तरी सवय कुठे जाते? तिनं लिहिलं, "कृपया थांबशील का?"

यंत्रानं उत्तर दिलं, "कृपया: असा हुकूम नाही."

"माफ कर," तिनं लिहिलं.

"माफ: असा हुकूम नाही."

मग तिनं साधा हुकूम लिहिला. थांब, आणि पुढे पहिल्या पाहणीचा नंबर.

पडद्यावर उत्तर आलं, "हो, एवढं झालं की."

आणि पाहणी चालूच राहिली.

खवलीनं पुन्हा लिहिलं. "हो, एवढं झालं की." पुन्हा लिहिलं. "हो, एवढं झालं की."

हे वाक्यही तिनंच शिकवलं होतं. माकडं गुहेत घुसून आपलं काम थांबवतील, अशी तिला भीती होती. म्हणून तिनं कामाला सांगून ठेवलं होतं, कोणी थांब म्हटलं तर हो म्हणायचं आणि थांबायचं नाही. हे तिला कुठून सुचलं, ते वेगळं सांगायला नको. ती स्वतः आयुष्यभर हेच करत आली होती.

आता एकच उपाय उरला होता. त्याला कासवगुरुजी "नऊचा थांब" म्हणायचे. थांब लिहिलं की पुढे नऊ लिहायचा आणि मग कामाचा नंबर. साध्या थांबात कामाला आवराआवर करायला वेळ मिळतो. नऊच्या थांबात काही मिळत नाही. "पोरी," गुरुजी म्हणायचे, "हा हुकूम म्हणजे घास तोंडात असताना पुढचं ताट ओढून घेणं. फार जपून वापर. आणि ताट कोणाचं आहे ते आधी बघ."

खवलीनं डोळे मिटून एका पाहणीवर नऊचा थांब चालवला.

पाहणी गेली. गपकन गेली. पण उरलेल्यांनी दार अजून बंद आहे असं पाहून लगेच नव्या पाहण्या सुरू केल्या. खवलीनं दुसरी थांबवली. आणखी नव्या आल्या. गुहेच्या तोंडाशी ऊन पिवळं झालं होतं. सूर्य टेकडीच्या जरासाच वर होता. एकेक ताट ओढत बसायला वेळ नव्हता.

तेव्हा खवलीनं आयुष्यातला पहिला धाडसी हुकूम लिहिला. "थांब नऊ. खवलीच्या नावावरची सगळी कामं."

पडदा कोरा झाला.

रेघ लुकलुकली. छान, झरझर, अगदी नव्यासारखी. गुहेत इतकं शांत वाटलं, की खवली चक्क सरळ बसली. तिला वाटलं, आता कोणी "शाब्बास" म्हटलं तर चालेल.

"कामं दाखव," तिनं ऐटीत लिहिलं.

यंत्रानं क्षणात दाखवली. आधीच्या राजांची तब्येत होती. अस्वलकाकांची पोळी होती. मोररावांचे ढग होते. महाराज थोर होते. दार उघडायचं काम नव्हतं.

खवलीनं पुन्हा वाचलं. खरंच नव्हतं.

कासवगुरुजींनी जाताना ते तिच्या नावावर करून दिलं होतं. साऱ्या जंगलातलं एकुलतं एक उपयोगी काम आपल्या नावावर आहे, याची तिला इतकी लाज वाटायची, की ती ते विसरूनच गेली होती. तिच्या नावावर एक मोठी चूक होती आणि एक चांगलं काम होतं. दोन्हींची ताटं तिनं एकदम ओढली होती.

"दार उघड," तिनं लिहिलं.

"असा हुकूम नाही."

"तळ्याचं दार उघड."

"असा हुकूम नाही."

"उघड ना!"

"ना: असा हुकूम नाही."

ते काम कधी बंदच पडलं नव्हतं. त्यामुळे ते सुरू कसं करतात, हे कोणालाच माहीत नव्हतं. कासवगुरुजी जंगल सोडून नदीच्या मुखाशी राहायला गेले होते. ते चांगले पोहणारे होते, पण उत्तर घेऊन येईपर्यंत पावसाळा लागला असता.

खवली गुहेतून निघाली आणि धावली. खवले मांजर धावतं तेव्हा डब्यांचं कपाट जिन्यावरून खाली येतंय असं वाटतं. सगळ्यांनी वळून पाहिलं. तिला नको होतं तेच झालं.

तळ्यावर सगळे रांगेत उभे होते. पुढे महाराज, मग अस्वलकाका, मग मधले, मग लहान. रांगेच्या टोकाला पिसोरी होती. तिच्या पोटाखाली तिचं पिल्लू उभं होतं. त्याचे पाय काड्यांसारखे होते, आणि ते चारही पाय चार दिशांना जात होते.

सूर्य टेकडीला टेकला.

"झालं का काम?" धनेशपंतांनी विचारलं.

"यंत्र एकदम हलकं झालंय," खवली म्हणाली. हे खरं होतं.

"वा! मग दार?"

"दार ढकलावं लागेल."

"यंत्रानं?"

"नाही. कोणी तरी. डोक्यानं."

सगळीकडे कुजबुज झाली. डोकं वापरायचं म्हटल्यावर जो तो दुसऱ्याकडे पाहू लागला. एवढं मोठं डोकं फक्त महाराजांना होतं.

"आम्ही ढकलायचं?" महाराज म्हणाले. "आम्ही?"

धनेशपंत त्यांच्या कानाशी लागले. "महाराज, उद्घाटन समजा."

महाराजांचा चेहरा उजळला. ते पुढे झाले, मान खाली घातली, दाराला कपाळ लावलं आणि रेटलं. दार करकरलं, मग मागे सरकलं. पाणी आलं! आधी सळसळत, मग धबधबत ते दगडी कुंडात पडू लागलं.

"महाराजांचा विजय असो!" अस्वलकाका ओरडले.

हे ऐकून महाराजांनी आणखी जोरात रेटलं.

कुंड भरलं. महाराज रेटत होते. कुंड वाहू लागलं. महाराज रेटत होते. आता दाराचा खांबच हलायला लागला. खांब उपटला गेला असता, तर सगळ्या उन्हाळ्याचं पाणी त्या एका संध्याकाळी घळीतून वाहून गेलं असतं. उद्या दार उघडलं काय आणि न उघडलं काय, सारखंच. खवली खांबाच्या अगदी जवळ उभी होती. मुळातली माती सुटताना फक्त तिला दिसत होती.

"महाराज, थांबा," ती म्हणाली.

महाराज मान न उचलता म्हणाले, "हो, एवढं झालं की."

खवलीच्या अंगावर काटा आला. खवल्यांच्या आत काटा येणं फार त्रासाचं असतं.

"महाराज, कृपया थांबा."

"हो हो. एवढं झालं की. लोक बघताहेत ना!"

खांब आणखी झुकला. रांगेच्या टोकाला पिल्लू पाण्याचा आवाज ऐकून कान हलवत होतं. खवलीनं ठरवलं, आता ओरडायचं. आयुष्यात एकदा, जोरात, सगळ्यांसमोर. तिनं छाती भरून श्वास घेतला आणि होतं तेवढं तोंड उघडलं.

आवाज आला नाही. जीभ आली.

खवले मांजराची जीभ वारुळात पार खोलवर जाते. ती असते दोरीएवढी लांब आणि डिंकासारखी चिकट. घाबरलेल्या खवलीची जीभ सरळ सुटली, आणि समोर जे पहिलं भोक आलं त्यात शिरली. ते महाराजांचं नाक होतं.

महाराज थांबले.

क्षणभर त्यांना काय होतंय तेच कळेना. मग ते असे शिंकले, की टेकडीवरचे पक्षी उडाले आणि स्वतः महाराज चार पावलं मागे जाऊन बसले. डोकं निघाल्याबरोबर दार पाण्याच्या जोरानं परत आलं आणि धाडकन लागलं. खांब हलला, पण उभा राहिला.

 राजाच्या नाकात जीभ घालणं हा किती मोठा गुन्हा, हे त्या जंगलाच्या कायद्यात नव्हतं. असं कोणाला सुचेल, हेच कायदा करणाऱ्यांना सुचलं नव्हतं.

खवली केव्हाच गोल झाली होती.

"आम्ही," महाराज म्हणाले, आणि आणखी एकदा शिंकले. "आम्ही थांबणारच होतो."

"पाहिलंत!" धनेशपंत ओरडले. "ऐन वेळी थांबले! याला म्हणतात संयम!"

टाळ्या पडल्या. मोठे पाणी प्यायले, मधले प्यायले, लहान प्यायले. शिंकेनं वेळ वाचला होता. पिसोरीच्या पिल्लानं कुंडात तोंड घातलं तेव्हा पाण्यावर अजून तांबडा उजेड होता. त्यानं आधी उजेडच चाटून पाहिला.

जाताना पिसोरी गोळ्यापाशी थांबली.

"खवले, झोपलीस का गं?"

"नाही."

"आज स्वतः बाहेर येऊन बघितलंस, ते बरं केलंस हो."

गोळा जरा जास्तच गोल झाला. पिल्लानं मात्र गोळ्याला नाक लावून पाहिलं, एकदा ढकललं, आणि तो थोडा गडगडला तेव्हा त्याला फार गंमत वाटली.

दुसऱ्या दिवशी धनेशपंत स्वतः गुहेत आले. यंत्र झरझर चालत होतं. अस्वलकाकांची पोळी इतक्या भराभर मोजून व्हायची, की मध्ये खायला वेळ मिळेना. मोररावांना "ढग नाही" हे उत्तर इतक्या वेगानं येऊ लागलं, की ते दुपारपर्यंत निराश झाले. आणि महाराज तर पूर्वीपेक्षा कितीतरी पटीनं थोर झाले.

"अप्रतिम!" धनेशपंत म्हणाले. "खवलीबाई, यंत्र सुधारल्याबद्दल महाराज तुम्हाला 'यंत्रभूषण' ही पदवी देत आहेत."

"पंत," खवली म्हणाली, "दाराचं काम यंत्रातून गेलंय. माझ्याच हातून गेलं. मंदही माझ्यामुळेच झालं होतं ते."

"दार? दार तर काल उघडलं!"

"ते महाराजांनी ढकललं."

"आणि पुढेही तेच ढकलणार आहेत. त्यांना आवडलंय ते." धनेशपंतांनी गुहेबाहेर जमलेल्या प्राण्यांकडे वळून चोच उंचावली. "बघा! एवढं करूनही स्वतःला दोष देते. विनय शिकावा तो हिच्याकडून!"

खवलीनं आणखी एकदा तोंड उघडलं. धनेशपंत पटकन दोन पावलं मागे सरकले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी महाराज दार ढकलतात. खवली खांबापाशी उभी असते, तोंड जरासं उघडं ठेवून. कुंड भरलं की महाराज तिच्याकडे एकदा बघतात आणि अगदी वेळेवर थांबतात. लहान प्राणी उजेडात पाणी पितात. यंत्र गुहेत जोरात चालू आहे, आणि त्याच्याबद्दल आता कोणाचीही तक्रार नाही.

तात्पर्य: निरुपयोगी काम बंद करायला सगळ्या जंगलाची परवानगी लागते. उपयोगी काम एकटीला, न विचारता, एका हुकमात बंद करता येतं. म्हणून शहाण्यानं सुधारणेची सुरुवात नेहमी उपयोगी कामापासून करावी.